पाच गुंठे द्राक्षं

९ फेब्रुवारी २०२२
खड्डे संपले. एकशे वीस. पाच गुंठे मुरूम, चारठाण्याच्या रस्त्यावरून वर चढलं की डाव्या हाताला. सासऱ्यानं लेकीला देताना नेमका तो तुकडा दिला जिथं कुसळसुद्धा विचार करून उगवतं. मला आवडला.
शेजारचा मुंजाजी कापसातून उठून बांधावर येऊन बसला. "कंपौंडर साहेब, रिटायर झाल्यावर मानूस देवदेव करतंय. तुमी खड्डे करायलाव." मी म्हटलं, देवाला माझी गरज नाही, खड्ड्यांना आहे. हसला. त्याला वाटलं विनोद केला.

१० फेब्रुवारी
कशासाठी, ते इथंच लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. अडतीस वर्षं सरकारी दवाखान्यात दुसऱ्यांनी लिहिलेली औषधं कालवली. आता एक गोष्ट माझ्या स्वतःच्या चिठ्ठीवर करायची. वाईन. वीस बाटल्या झाल्या तरी पुरे. या डोंगरात कुणी केली नाही, म्हणून.
गिरिजाला (बायको. यापुढे गि., वहीला पानं कमी आहेत) सांगितलं की बेदाणे करू, मठाला देऊ. लगेच पदर खोचला. गळ्यात लिंग, दोन वेळा पूजा, पूजेशिवाय पाण्याचा थेंब नाही, परक्या घरचा चहा नाही. मी सगळं सोडून वीस वर्षं झाली. दारू म्हटलं असतं तर त्या पाच गुंठ्यांत मलाच पुरलं असतं. जमीन तिच्या नावावर, मेहनत तिची लागणार. मग खोटं बोलावंच लागतं. वाईट वाटलं का? नाही. थोडी गंमत वाटली.

२७ मे
ऊन. ठिबकच्या नळ्या क्षारानं बुजल्या. गि. विहिरीवरून घागरी वाहते, सकाळी तीस, संध्याकाळी तीस. माझे गुडघे दुखतात. तिचेही दुखतात, माझ्याहून जास्त. पण तिला मठ आहे, मला फक्त गुडघे आहेत.
एकेका रोपाशी वाकून "शिवा शिवा" म्हणते आणि तांब्यानं ओतते. मुंजाजीची बायको म्हणाली, वैनी लेकरं पाजवल्यावानी पाजवायल्यात. आम्हाला लेकरू नाही. मुंजाजीची बायको तोंडाची फटकळ, मनात काही नसतं. गि. घागर उचलून परत गेली.

१८ सप्टेंबर
कलमवाला आला, नाशिककडचा. खड्ड्यांत लावलेल्या रानटी द्राक्षाच्या खुंटावर वाईनच्या जातीची काडी बसवतो, काळी, बारीक मण्यांची. पाचर मारली, पट्टी बांधली, पुढं. मी दोन करून बघितली, अंगठा कापून घेतला. गि. तासभर नुसती बघत बसली आणि मग पट्ट्या तिनेच बांधल्या. कलमवाला म्हणाला, "मावशींचा हात चांगला हाय." मला म्हणाला नाही.

६ नोव्हेंबर
एकशे वीसपैकी त्र्याण्णव फुटली. मेलेल्या सत्तावीसांत माझी दोन्ही.

१४ एप्रिल २०२३
इकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलात खरड छाटणी, सगळं बोडकं करायचं. ऑक्टोबरात फळाची. पुस्तक आणलंय. गि.ला पुस्तक वाचून दाखवलं तर म्हणते, "डोळा कुठी हाय ते बगा, पुस्तकात नका बगू." डोळा म्हणजे काडीवरची गाठ, जिथून फूट येते.
मी कात्री हिसकावून घेतली. मुंजाजीसमोर म्हणालो, चौथी नापास बाईनं मला शिकवू नये. ती बाजूला जाऊन पाचोळा गोळा करायला लागली. मुंजाजी उगाच खोकला.
मी पंधरा वेल छाटले.

२ मे
माझ्या पंधरापैकी सहा वाळले. डोळ्याच्या खालून कापलं. बाकीचे तिनं दुसऱ्या दिवशी मी दिवसभर परभणीला गेलो असताना छाटले, सगळे हिरवे. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

२० ऑक्टोबर
फळछाटणी. छाटल्यावर काडीच्या डोळ्यांना एक रसायन लावतात, म्हणजे सगळे एकदम फुटतात. जहाल असतं. हातमोजे घालून लावायचं, डबीवर लिहिलेलं आहे, कवटीचं चित्रसुद्धा आहे.
सगळी बाग गि.नं लावली. संध्याकाळी दोन्ही पंजे भाजल्यासारखे, बोटांच्या बेचक्यांत फोड. भाकरी थापता येईना. मी मलम लावलं. म्हणालो, मोजे आणायचे विसरलोच गं.
विसरलो नव्हतो. एकच जोडी आणली होती. ती माझ्या हातात होती, मी फवारणीचा पंप धूत होतो.
वहीत तरी खरं लिहावं.

१४ जानेवारी २०२४
घड. खरोखरचे. मणी हरभऱ्याएवढे, हिरवे. पाखरं यायला लागली. गि. दिवसभर मांडवाखाली पत्र्याचा डबा घेऊन बसते, वाजवते. मी खुर्ची टाकून बघतो. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात एवढा आनंद झाला नव्हता, हे लिहायला लाज वाटते. लग्नातसुद्धा नाही.

२५ फेब्रुवारी
तोडणी. एकशे दहा किलो. पहिला घड तिनं केळीच्या पानावर वेगळा काढून ठेवला, महाराजांसाठी. महाराज म्हणजे चुडाव्याकडच्या मठातले, तिच्या माहेरचे गुरू. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी दरवर्षी पाद्यपूजेला येतात.
मी घंगाळात द्राक्षं चुरायला लागलो तशी येऊन उभी राहिली.
"आवं, बेदाणे वाळवायचे ना? चुरायलाव कामून?"
इथं माझी अडतीस वर्षं कामाला आली. म्हणालो, पहिल्या वर्षाची द्राक्षं बेदाण्याला चालत नाहीत, साल पातळ असते. द्राक्षासव करू. वैद्य देतात ते. पोटाचं औषध.
तिनं एक मणी उचलून बोटांत दाबून बघितला. मग म्हणाली, "म्हाराजाच्या पोटाला लय तरास हाय. त्यांस्नी चालंल का?"
म्हणालो, चालेल की.
मग पाय धुतले, हात धुतले, आणि घंगाळात चुरायला बसली. माझ्याहून नीट.

१ मार्च
आंबतंय. मागच्या खोलीत काचेचे तीन मोठे बुधले, दवाखान्यातून निकाली निघालेले. चोथा वर येतो, तो दिवसातून तीनदा खाली दाबायचा. ती आंघोळ करून येते, दाबताना नमः शिवाय म्हणते. वाईनच्या इतिहासात अशी सेवा कुणाला मिळाली नसेल. वास सुटलाय, आंबूस, गोड. तिला विचारलं, वास येतो का? म्हणाली, "औशदाला वास आसतोच."
चोराच्या मनात चांदणं. मीच दोनदा दार लावून घेतलं.

९ मार्च
लिहायला बसलोय. जसं घडलं तसं.
महाराज सकाळी नऊला आले. सत्तरीचे, बारीक, पाठ ताठ. पाय धुतले, पूजा झाली, गि.नं पादोदक, म्हणजे पाय धुतलेलं पाणी, तीर्थ म्हणून घेतलं. मी खांबाशी. मुंजाजी आणि त्याची बायको दाराशी बसलेले, दर्शनाला.
गि. आत गेली आणि चांदीचा पेला घेऊन आली. काळपट लाल. मी ओळखलं. वर तिनं साखर आणि वेलदोडा घातला होता, वास लपला होता, थोडा.
"म्हाराज, आमच्या रानातल्या द्राक्षाचं औशद हाय. ह्यांनी केलं. तुमच्या पोटाला."
हात जोडून समोर बसली. त्या हातांवर अजून डाग आहेत.
मी तीन पावलांवर होतो. "थांबा" एवढंच म्हणायचं होतं. मांजर आडवं गेलं म्हणालो असतो तरी चाललं असतं. पेला सांडता आला असता. मी काही केलं नाही. खरं लिहायचं तर भीती वाटली म्हणून नाही. मला बघायचं होतं.
महाराजांनी एक घोट घेतला. थांबले. माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. मग तिच्याकडे बघितलं आणि उरलेला पेला एका दमात संपवला. म्हणाले, "बाई, लय कष्ट केले तुमी. आता मला नका देऊ अजून, एवढं पुरं."
तरी तळाशी चार पळ्या राहिलं होतं. प्रसाद म्हणून तिनं दोन पळ्या तळहातावर घेतलं, प्याली, हात डोक्यावरून फिरवला.
उरलेलं मुंजाजीला दिलं. तो ओठ चाटत राहिला, त्याला बहुधा कळलं. माझ्याकडे बघून एक भुवई उडवली.

१० मार्च
कालपासून मध्येच हसू येतं. ती विचारते, "काय झालं?" काही नाही म्हणतो. ती खूश आहे. बारा वर्षांत महाराजांनी आमच्या घरचं एवढं काही संपवलं नव्हतं.

१७ मार्च
गाळून बघितली. पहिला खरा पेला, दुपारी, मागच्या खोलीत, दार लावून. साखर नाही, वेलदोडा नाही. तुरट, काळी जांभळं खाल्ल्यासारखी, शेवटी मुरमाचा वास. चांगली आहे. चांगली झाली यावर विश्वास बसेना म्हणून दुसरा घेतला. डोळ्यांत पाणी आलं. या डोंगरात, या घागरीच्या पाण्यावर. कुणालातरी सांगावंसं वाटलं. सांगण्यासारखं माणूस बाहेर तांदूळ निवडत होतं.

२४ मार्च
आज घरात जे झालं ते माझ्यामुळे. मुद्दाम लिहितो, नंतर मीच दुसरं काही आठवायला नको.
गि. सकाळी दोन प्लॅस्टिकचे कॅन घासून उन्हात ठेवत होती. कशाला? तर दोन कॅन औषध मठात पाठवायचं. मुंजाजीचा पुतण्या टेम्पो घेऊन मठाच्याच वाटेनं पूर्णेकडे जायचाय, त्याला सांगून झालं होतं. "मठात लय म्हातारी मानसं हायत. एक बुधला आपल्याला ठिवू." एकूण बुधले तीन.
म्हणालो, नाही. म्हणाली, "मठालाच द्यायचं म्हणले व्हते ना तुमी?" म्हणालो, तेव्हा म्हणालो होतो. म्हणाली, "आता कामून न्हाई?"
दोन वर्षं मी एकेका वेलाकडे बघत काढली. ती चाळीस लिटर घेऊन कुठल्या तरी पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांना चमच्यानं पाजणार. डोकं फिरलं.
म्हणालो, "गिरजे, ती दारू आहे."
ती हसली. तिला वाटलं चेष्टा.
म्हणालो, दारू. वाईन. पहिल्या दिवसापासून तीच करायची होती. बेदाणे नाही, औषध नाही. तू घागरी वाहिल्यास त्या दारूसाठी. नमः शिवाय म्हणत दाबलीस ती दारू. तुझ्या महाराजांना चांदीच्या पेल्यात पाजलीस ती दारू. आणि तू पण प्यालीस. दोन पळ्या. डोक्यावरून हातसुद्धा फिरवलास.
शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. मला ठाऊक होतं. जीभ थांबली नाही, असं म्हणणं खोटं आहे. मी थांबवली नाही.
ती खाली बसली. कॅन हातातून सुटला नाही, तो धरूनच बसली. मग एवढंच म्हणाली, "तुमी तिथंच व्हता."
हो म्हणालो.

२६ मार्च
बोलत नाही. माझं ताट वाढते, स्वतः जेवत नाही. पूजा बंद. लिंग गळ्यातच आहे, पण हातात घेत नाही. पूजेच्या वेळी नुसती भिंतीकडे तोंड करून बसते. पूजेशिवाय पाणी नाही हा नियम अजून चालूच. काल दुपारी चक्कर येऊन पडली तेव्हा मुंजाजीच्या बायकोनं तोंडात पाणी घातलं. नंतर तिनं उलटी करून ते काढलं.
मुंजाजीची बायको मला म्हणाली, "काय केलं वो तुमी?" म्हणालो, पित्त.

२९ मार्च
मी रोज एक पेला घेतो. चांगलीच आहे. बिघडली असती तर फेकून देता आली असती.

३ एप्रिल
पाणी प्यायला लागली. भाताची पेजही घेते. पूजा नाही.
आज दहा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. मला वाटलं होतं शिव्या देईल, माहेरी जाते म्हणेल. तसलं काही नाही.
"माझं जाऊ द्या. मी कुनाची कोन. पन म्हाराजाला ठाव न्हाई. त्यांनी पूजा केली आसंल तसल्याच तोंडानं. रोज करत आसतील. त्यांस्नी सांगायला पायजे."
म्हणालो, फोन कर.
"मी न्हाई. तुमी जायचं. तुमच्या तोंडानं सांगायचं. अन् म्हाराज काय म्हणतेत ते जसंच्या तसं हितं येऊन सांगायचं. एक शब्द इकडचा तिकडं न्हाई. आता आजून एक खोटं निघालं, तर मी ह्या घरात न्हाई."
पंचेचाळीस वर्षांत तिनं मला पहिल्यांदाच काही करायला लावलं. म्हणालो, बरं. छाटणीचे दिवस आलेत, ती होऊ दे, मग जातो. म्हणाली, आधी जा. तोपर्यंत वेलाला हात लावणार नाही.

७ एप्रिल
छाटणी खोळंबली. पानं पिवळी पडून लटकतायत. मी कात्री घेऊन गेलो, पहिल्याच वेलापाशी डोळा सापडेना, परत आलो. आज ना उद्या जावंच लागेल.

११ एप्रिल
परभणीहून गाडीनं चुडावा, तिथून ऑटो. मठात दुपारी पोचलो. महाराज लिंबाखाली शेंगा सोलत बसले होते. मी पाया पडलो. वीस वर्षांनी कुणाच्या तरी. मनात घोळवत आणलेलं सगळं सांगून टाकलं. दारू होती, तिला ठाऊक नव्हतं, मला होतं.
ते शेंगा सोलत राहिले. म्हणाले, "ठाव हाय मला. पहिल्या घोटालाच कळलं. तरुणपणी हैदराबादला दारूच्या होटेलात तीन वर्षं गल्ल्यावर बसलो अप्पा मी. वास वळखत न्हाई व्हय?"
म्हटलं, मग घेतलंत कशाला?
"बाई हात जोडून बसली व्हती. हाताला फोडाचे डाग. मी पेला खाली ठिवला आसता तर चार लोकांत तिचं काय ऱ्हायलं आसतं? म्हणलं जाऊ दे माझ्या पोटात. तिथंच ऱ्हाईल. मंग प्रायश्चित्त घेतलं, माझं मी. ते झालं." मग मान वर केली. "तिला न्हाई ना कळलं?"
म्हणालो, कळलं.
"कुनी सांगितलं?"
"मी."
शेंगा खाली ठेवल्या.  रागावले असते तर सोसलं असतं, राग मला ओळखीचा आहे.
"मंग मी कशाला प्यालो, अप्पा?"
मी उठलो.
निघताना त्यांनीच हाक मारली. म्हणाले, तिला सांगा की म्हाराजाला काही समजलं न्हाई, औषध म्हणून घेतलं, अजाणता घेतलं, दोष न्हाई, पूजा चालू कर. "मी जाणून प्यालो हे तिला कळू द्यायचं न्हाई. गुरूनं माझ्यापायी नेम मोडला म्हणून ती आयुष्यभर जळंल. ही माझी आज्ञा समजा. तुमी आज्ञा मानत न्हाई ते ठाव हाय. एवढी माना."
उशीर झाला, रात्री परभणीत मावसभावाकडे राहिलो.

१२ एप्रिल
सकाळच्या बसनं घरी. अंगणात पाय टाकला तर ती दारात उभी, कात्री हातात. आज छाटायचंच असं ठरवलेलं दिसतंय. आजही उशीरच आहे, पण अजून वेळ गेलेली नाही. चेहरा उतरलेला, पण केस विंचरलेले. थोडी आशा आहे तिला. तीच बघवेना.
"काय म्हणले म्हाराज?"
म्हणालो, पाणी दे. दिलं. प्यालो. हातपाय धुतले. वही काढली.
खरं सांगितलं तर महाराजांनी जे पोटात ठेवलं ते तिच्या डोक्यावर जाईल. खोटं सांगितलं तर मी पुन्हा तोच, तिला फसवणारा, फक्त या वेळी गुरूच्या सांगण्यावरून. ती खोटं ओळखते आता. दोन वर्षं नाही ओळखलं, या तीन आठवड्यांत शिकली, माझ्याकडूनच. आणि खोटं निघालं तर घरात राहणार नाही, हे ती धमकी म्हणून बोलत नव्हती.
आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्यानं कुणाचं बरं व्हावं असं वाटतंय, आणि तसं बोलणंच माझ्याकडे नाही.
"काय म्हणले?" पुन्हा विचारलं.
म्हणालो, थांब, एवढं लिहून होऊ दे.
"लिव्हा," म्हणाली. "उभी हाय मी."